मागे बसलेला उपसर्ग

एसटी घाटात मध्येच थांबते. कंडक्टर खाली उतरून ड्रायव्हरशी दोन शब्द बोलतो आणि परत येऊन जाहीर करतो, "गाडी ब्रेकडाउन झालीय, मागच्या गाडीत बसा." नऊवारीतली आजी काही न विचारता पिशवी उचलते आणि दाराकडे निघते. 'ब्रेक' म्हणजे मोडणे, 'डाउन' म्हणजे खाली, मग मोडून खाली काय पडलं, असा प्रश्न तिला पडत नाही.

मेकअप, बॅकअप, फॉलोअप, चेकआउट, टेकऑफ, ब्रेकअप, लॉकडाउन. हे सगळे शब्द आपण नामं म्हणून बिनदिक्कत वापरतो. पण हीच मंडळी क्रियापदांच्या वेशात, एखाद्या इंग्रजी वाक्याच्या मधोमध भेटली की घाम फुटतो. माझ्या पहिल्या नोकरीत इंग्लंडमधल्या साहेबाने एका सदोष अहवालाबद्दल फोनवर म्हटलं, "वी विल हॅव टू पुट अप विथ इट." यातला एकही शब्द मला नवा नव्हता. 'पुट अप' म्हणजे वर लावणे, म्हणून मी नम्रपणे विचारलं, "नोटीस बोर्डावर लावू का?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. त्याला म्हणायचं होतं, आता हे सोसावंच लागेल.

क्रियापद आणि त्यामागे 'अप', 'ऑफ', 'आउट', 'इन', 'ओव्हर' असा एखादा चिमुकला शब्द, आणि दोघांचा मिळून तिसराच अर्थ. इंग्रजी व्याकरणात यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. शिकवणी वर्गांतून त्यांच्या पाचशे-पाचशेच्या याद्या वाटल्या जातात आणि मुलं त्या पाढ्यांसारख्या घोकतात. माझं म्हणणं असं, की मराठी माणसाने ही यादी घोकण्याआधी आपल्याच घरात एकदा डोकावावं. हे यंत्र आपल्या ओळखीचं आहे.

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हा श्लोक आठवत असेल:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडेच ओढून नेतो. धातू एकच, 'हृ', म्हणजे नेणे. त्याला 'प्र' लागला की घाव, 'आ' लागला की जेवण, 'सम्' लागला की विनाश, 'वि' लागला की भटकंती. 'आहार' आणि 'संहार' यांत एकच धातू आहे हे जेवताना कुणाच्या डोक्यात येतं? इंग्रजीत 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, 'गिव्ह इन' म्हणजे नमतं घेणे, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे किंवा गुपित फोडणे. तोच प्रकार. फक्त इंग्रजीचा उपसर्ग पुढे न बसता मागे जाऊन बसलाय.

तो पूर्वीपासून तिथे नव्हता. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे तुकडे पुष्कळदा क्रियापदाच्या आधीच चिकटलेले असत. 'अंडरस्टँड', 'फर्गिव्ह', 'विथस्टँड' हे त्या जुन्या वाड्याचे उरलेले खांब. पुढे नव्या जोड्या बनताना तुकडा मागे ठेवायची रीत पडली. काही ठिकाणी दोन्ही रूपं शिल्लक राहिली आणि मग मोठी गंमत झाली. 'ओव्हरटेक' म्हणजे मागून येऊन पुढे जाणे, 'टेक ओव्हर' म्हणजे ताबा घेणे. 'अपहोल्ड' म्हणजे न्यायालयाने निकाल कायम ठेवणे, 'होल्ड अप' म्हणजे खोळंबा करणे किंवा बंदूक दाखवून लुटणे. एकाच वकिलाच्या तोंडी दोन्ही येऊ शकतात, म्हणून क्रम सांभाळलेला बरा.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबार आणि कचेऱ्यांत फ्रेंच शिरली, पंडितांनी लॅटिन शब्दांची भर घातली आणि इंग्रजीचं घर दुमजली झालं. खालच्या मजल्यावर 'पुट ऑफ', वर 'पोस्टपोन'. खाली 'पुट अप विथ', वर 'टॉलरेट'. खाली 'लुक इनटू', वर 'इन्व्हेस्टिगेट'. आपल्याकडेही सभा 'पुढे ढकलतात' आणि परिपत्रकात ती 'स्थगित' होते, तसंच हे. यात आणखी एक मौज आहे. 'पोस्टपोन' हा भारदस्त शब्द लॅटिनमध्ये फोडला तर 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. म्हणजे वरच्या मजल्यावरही फ्रेझल व्हर्बच राहतं, झब्बा-कुर्ता घालून.

आपण शाळेत इंग्रजी शिकलो ती मुख्यतः वरच्या मजल्यावरची. त्यामुळे आपल्यातला हुशार माणूसही मित्राला "आय कॅनॉट टॉलरेट धिस हीट" असं लिहितो आणि इंग्रज वाचकाला तहसील कार्यालयाचं पत्र वाचल्यासारखं वाटतं. फ्रेझल व्हर्ब म्हणजे टपोरी भाषा, असा एक गैरसमजही आपल्याकडे आहे. तसं अजिबात नाही. पंतप्रधान त्या वापरतात, सर्जन वापरतात, आई मुलाला झोपवताना वापरते.

परक्यांना त्या छळतात हेही जुनंच आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत नोंदवलं होतं, की क्रियापदामागे तुकडा जोडून अर्थ बदलण्याची ही पद्धत परभाषकांना सर्वांत जड जाते. दुखणं ओळखीचं होतं, पण त्याला आजचं नाव छापील रूपात मिळायला १९२५ साल उजाडावं लागलं.

आता तुकड्यांकडे. क्रियापदं शेकडो असली तरी मागे बसणारे तुकडे डझन-दीड डझनच आहेत, आणि प्रत्येकाचे काही ठरलेले धंदे आहेत. यादी पाठ करायचीच असेल तर ही करावी.

'अप' घ्या. याचा साधा अर्थ वर: 'स्टँड अप'. पण त्याचा मोठा धंदा काम पुरतं तडीस नेण्याचा. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. 'टेअर अप' म्हणजे फाडून टाक. 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. आपलं 'टाकणे' इथे जे करतं ते हेच. खाऊन टाक म्हणताना आपण काही खिडकीबाहेर टाकत नाही. मराठीत हे सहायक क्रियापदांचं सैन्य फार नाजूक काम करतं: 'बोलला' ही नुसती बातमी, 'बोलून गेला' म्हणजे भान न राहता, 'बोलून बसला' म्हणजे आता पस्तावतोय, 'बोलून टाकलं' म्हणजे छातीवरचं ओझं उतरलं. हा फरक ज्याला आपोआप कळतो त्याला 'अप' कळायला अडचण पडू नये. 'अप'चा दुसरा धंदा उगवण्याचा: 'टर्न अप' आणि 'शो अप' म्हणजे हजर होणे, 'कम अप' म्हणजे विषय निघणे. जे नव्हतं ते वर आलं.

'आउट' म्हणजे बाहेर. आत दडलेलं बाहेर आलं की कळतं, म्हणून 'फाइंड आउट', 'फिगर आउट'. आतलं सगळं बाहेर पडलं की भांडं रिकामं, म्हणून 'रन आउट' म्हणजे संपणे. क्रिकेटमुळे आपल्याला इथे ठेच लागते. "वी हॅव रन आउट ऑफ मिल्क" यात दूध धावबाद झालेलं नाही, पातेलं रिकामं झालंय.

खरा खट्याळ 'ऑफ'. त्याचा मूळ भाव सुटणे, तुटणे, दूर होणे. विमान जमिनीपासून सुटतं ते 'टेक ऑफ'. पण 'गो ऑफ' पाहा. दिवा 'गो ऑफ' झाला म्हणजे विझला. गजर 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजायला लागला! बॉम्ब 'गो ऑफ' म्हणजे फुटला, आणि इंग्लंडमध्ये दूध 'गो ऑफ' म्हणजे नासलं. एकाच जोडीत बंद होणं आणि सुरू होणं दोन्ही. धागा एवढाच, की वस्तू होती त्या स्थितीतून सुटली. गजर दबून होता, सुटला. दूध चांगलं होतं, त्यातून गेलं.

हे वाचून इंग्रजांना हसावंसं वाटत असेल तर थांबा. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परदेशी पाहुण्याला सांगा, "दिवा लाव आणि दार लाव." दिवा लावला म्हणजे सुरू, दार लावलं म्हणजे बंद. मग कुकर लाव, फोन लाव, गंध लाव, झाड लाव, पैज लाव. त्याने वही काढली की सांगा, 'वाट पाहणे' म्हणजे थांबून राहणे, 'वाट लागणे' म्हणजे सत्यानाश, 'वाटेला लावणे' म्हणजे निरोप देणे, आणि कुणाच्या 'वाटेला जाणे' म्हणजे त्याची खोडी काढणे. रस्ता यांपैकी कशातच उरलेला नाही. मुलगी आईवर गेली म्हणजे कुठे गेली? कुठेच नाही, आईसारखी दिसते. याला इंग्रजी 'टेक आफ्टर' म्हणते. आपण 'वर' म्हणतो, ते 'मागून' म्हणतात, तर्क दोन्हीकडे सारखाच लंगडा.

तुकड्यांचे धंदे कळले तरी एक भानगड उरते. वाक्यात तुकडा बसवायचा कुठे? पंखा बंद कर, याला 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालतं. पण 'फॅन'च्या जागी 'इट' आला की 'टर्न इट ऑफ' एवढंच. 'टर्न ऑफ इट' कानाला खुपतं. इंग्रजी वाक्यात जोर शेवटाकडे ठेवायची सवय आहे. 'इट' हा आधीच ओळख झालेला, जोर नसलेला शब्द, त्याला शेवटची खुर्ची मिळत नाही. मधे दाबून बसवतात आणि आघात 'ऑफ'वर पडतो. उलट 'लुक आफ्टर', 'लुक इनटू', 'टेक आफ्टर' यांतले तुकडे मुळात नंतरच्या नामाला बांधलेले असतात, त्यामुळे मधे कुणी शिरू शकत नाही: 'लुक आफ्टर हिम', कधीही 'लुक हिम आफ्टर' नाही. जाता जाता आघाताचीच एक खूण: क्रियापद म्हणून 'ब्रेक डाउन' म्हणताना जोर 'डाउन'वर येतो, आणि आपल्या कंडक्टरच्या 'ब्रेकडाउन'सारखं नाम झालं की तो 'ब्रेक'वर सरकतो.

कार्यालयीन ईमेलमध्ये सर्वांत जास्त घसरगुंडी होते ती 'लुक फॉरवर्ड टू'वर. "लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू" असं आपल्याकडून सर्रास लिहिलं जातं. हवं 'टू मीटिंग यू'. इथला 'टू' हा 'टू गो', 'टू ईट' मधला नाही. तो दिशा दाखवणारा शब्दयोगी आहे, आणि त्याच्यापुढे नामासारखं रूप लागतं. मराठीत आपण हे बिनचूक करतो. 'भेटण्याची वाट पाहतोय' म्हणतो, 'भेट वाट पाहतोय' म्हणत नाही. 'भेटण्याची' आठवलं की 'मीटिंग' आपोआप आठवेल.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे, कारण त्यात पडल्याचं लवकर कळतही नाही. मराठीत बैठक 'पुढे' ढकलली म्हणजे ती उशिरा होणार. इंग्रजीत बैठक 'ब्रिंग फॉरवर्ड' केली म्हणजे ती लवकर होणार! उशिरा करायची तर 'पुश बॅक', म्हणजे मागे ढकलणे. आपण काळाच्या वाटेवर पुढे चालत असतो, त्यामुळे नंतरचा दिवस पुढे. या इंग्रजी जोड्यांत दिवसच आपल्याकडे चालत येतात, त्यामुळे जवळ आलेला तो पुढे सरकलेला. पुण्यातून लंडनला "मीटिंग फॉरवर्ड करा" असा निरोप गेला, तर तिकडचे लोक सोमवारी येऊन बसतील आणि इकडचे गुरुवारी. हा गोंधळ टाळायला आपण भारतीयांनी 'प्रीपोन' हा झकास शब्द रुळवला. त्याला नावं ठेवणाऱ्यांना सांगा, ऑक्सफर्डच्या कोशातही त्याची नोंद आहे.

'पास आउट'बद्दल मात्र सावध. "आय पास्ड आउट इन २०१२" हे वाक्य आपल्याकडच्या निम्म्या बायोडेटांत सापडतं. इंग्लंड-अमेरिकेत सामान्य माणूस 'पास आउट' होतो तेव्हा बेशुद्ध पडतो, बऱ्याचदा दारू पिऊन. आपल्याला ही सवय बहुधा लष्करी वापरातून लागली असावी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाला 'पासिंग आउट परेड'च म्हणतात आणि ब्रिटिश सैन्यातही तो शब्द शुद्ध आहे. पण बी.कॉम. झालेल्याने 'ग्रॅज्युएटेड' लिहावं. तसंच 'कोप अप विथ' नावाची वस्तू अस्तित्वात नाही. 'कोप विथ' एवढंच. 'पुट अप विथ' आणि 'कॅच अप विथ' यांच्या संगतीने तो 'अप' चिकटला असणार.

वाक्प्रचारांचं, म्हणजे ज्यांना इंग्रजीत इडियम म्हणतात त्यांचं, दुखणं निराळं आहे. तिथे तुकड्याचा धंदा ओळखून भागत नाही, अख्खं चित्रच गोठलेलं असतं. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. पण 'द बकेट वॉज किक्ड' असं उलटवलं की कुणी मरत नाही, खरोखरची बादली कलंडते. आपल्याकडेही 'त्याने राम म्हटला' यात माणूस जातो. 'त्याच्याकडून राम म्हटला गेला' यात फक्त भजन होतं.

गोठलेलं चित्र दिसलं की माणसाला गोष्ट रचायचा मोह होतो, आणि समाजमाध्यमांवर या गोष्टींचा सुकाळ आहे. 'बाइट द बुलेट' म्हणजे नको असलेली गोष्ट मन घट्ट करून पत्करणे. आपल्याकडे हमखास सांगितलं जातं, की हा १८५७च्या चरबीच्या काडतुसांवरून आला. पण शिपायांना दातांनी फाडायचं होतं ते काडतुसाचं कागदी टोक, गोळी नव्हे. शिवाय फटके खाताना किंचाळू नये म्हणून ब्रिटिश सैनिक तोंडात गोळी चावत, ही नोंद १८व्या शतकाच्या अखेरीच्या एका बोलीकोशात आहे, म्हणजे १८५७च्या कितीतरी आधी. 'टर्न अ ब्लाइंड आय' मात्र ऐटदार गोष्ट बाळगून आहे. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा आला, तेव्हा ब्रिटिश नौसेनानी नेल्सनने दुर्बीण आपल्या निकामी डोळ्याला लावली आणि मला इशारा दिसत नाही म्हणाला, असं सांगतात. आपण त्यासाठी 'कानाडोळा' करतो. इंग्रजांनी डोळ्यावर भागवलं, आपण कानालाही कामाला लावलं.

हल्ली हिंजवडीच्या कचेऱ्यांतून ज्या वाक्प्रचारांशी गाठ पडते ते इंग्लंडचे नसून अमेरिकेचे असतात, आणि त्यांतले बरेच बेसबॉलच्या मैदानातून आलेले. क्रिकेटचे आपल्याला शिकवावे लागत नाहीत. 'ऑन द बॅक फूट' म्हटलं की मागे सरलेला फलंदाज दिसतो आणि अर्थ कळतो. पण 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, 'टच बेस' म्हणजे थोडक्यात बोलून घेणे, हे बेसबॉल न पाहिलेल्याला कसं दिसावं? 'रेन चेक' तर हवामानखात्याचा वाटतो. पावसाने सामना बुडाला तर पुढच्या सामन्याला चालणारी पावती प्रेक्षकांना मिळे, तिचं हे नाव. कुणी जेवायच्या आमंत्रणाला 'रेन चेक' घेतो म्हणाला तर तो आज येत नाहीये, पुन्हा कधीतरी बोलवा असं सुचवतोय. कधी अटलांटिकच्या दोन काठांवर अर्थ उलटेही होतात. 'टेबल' करणे म्हणजे ब्रिटनमध्ये विषय चर्चेला घेणे, अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्हीकडच्या सेनाधिकाऱ्यांचा यावरून लांबलचक वाद झाला आणि नंतर लक्षात आलं, की दोघांना एकच हवं होतं. चर्चिलने आपल्या आठवणींत हे नोंदवलंय.

माझा स्वतःचा नियम सांगतो. फ्रेझल व्हर्ब वापरायला शिकाव्यात, कारण त्यांच्याशिवाय रोजचं इंग्रजी बोलणंच अडतं. नवी जोडी भेटली की ती एकटी न लिहिता, ज्या वाक्यात भेटली ते वाक्य लिहून ठेवावं. त्यात 'इट' कुठे बसला, मागे 'विथ' आहे की 'ऑन', हे सगळं आपसूक येतं. वाक्प्रचार मात्र कळले तरी पुरे, बोलायची घाई नको. शाळेच्या निबंधात आपण हौसेने घातलेलं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' घ्या. लेखक जोनाथन स्विफ्टच्या १७३८च्या लेखनात ते सापडतं. गवती छपरांवरून घसरून कुत्री-मांजरं पडत म्हणून तसं म्हणतात, ही गोष्ट १९९९च्या सुमारास ईमेलमधून फिरलेली थाप आहे. आज ते वाक्य एखाद्या तरुण इंग्रजाला ऐकवलं तर त्याला आपण त्याच्या पणजोबांच्या शाळेतून आल्यासारखे वाटू. तो खिडकीतून बाहेर बघून म्हणतो, "इट्स चकिंग इट डाउन." चक म्हणजे फेकणे, डाउन म्हणजे खाली. कोण फेकतंय, ते कुणी विचारत नाही. आपण त्याला म्हणावं, हो, कोसळतोय.